आंदणाची मेंढरं

बिरुदेव पडला, ही गोष्ट वच्छलाच्या मनातून काही केल्या निघत नव्हती. पडला म्हणजे ठेच लागून नव्हे. मेच्या उन्हात मेंढरांमागं चालता चालता तो एकदम खाली बसला आणि बसल्या जागी कलंडला. शिवबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कळशी त्याच्या डोक्यावर रिकामी केली, कांदा फोडून नाकाशी धरला, तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले. आणि उघडल्यावर पहिलं काय विचारलं, तर "मेंढरं कुटं गेली?"

शिवबाईनं हे फोनवर सांगितलं, तेही जाता जाता. आधी लोणच्याच्या कैऱ्यांचं बोलली, मग पोरांच्या आश्रमशाळेच्या सुट्टीचं, आणि शेवटी, "त्यांना जरा ऊन लागलंतं. आता बरं हाय. तुमी काळजी करू नका वन्सं."

काळजी करू नका म्हटल्यावर वच्छलाची काळजी थांबत असती, तर तिचं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं. लेक सोलापूरच्या वसतिगृहात, ती वेळेवर जेवते की नाही. नवरा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात, तो रक्तदाबाची गोळी घेतो की नाही. शाळेत ती ग्रंथपाल, तर तिथल्या पुस्तकांना वाळवी लागेल याचाही तिला घोर. कुंडलिक, तिचा नवरा, म्हणायचा, "काळजी हा विषय बोर्डाला असता तर तू विभागात पहिली आली असतीस." पण बाकीच्यांना दटावता तरी यायचं. बिरू सगळं ऐकून घ्यायचा, हसायचा आणि मेंढरांमागं निघून जायचा.

तो तिचा पाठचा भाऊ, चांगला आठ वर्षांनी लहान. त्यांचं गाव माळशिरसच्या दक्षिणेला, डोंगराच्या कडेला. पाऊस कमी, कुसळं जास्त. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन निघायचे, ते मृगाच्या तोंडावर परतायचे. बिरुदेवचा जन्म असाच वाटेवरचा, करमाळ्याच्या पुढं एका बाभळीखाली. बाळंतिणीनं चौथ्या दिवशी पोर पाटीत घातलं, पाटी तट्टावर ठेवली आणि तळ हलला. "माझं पहिलं घर चार पायांचं व्हतं," असं तो मोठेपणी कौतुकानं सांगायचा.

वच्छला मात्र गावातच राहिली. आत्याचे गुडघे धरले होते, घरात पाणी भरायला कुणीतरी हवं होतं. म्हणून वच्छलाला मागं ठेवलं, आणि मागं राहिली म्हणून ती शाळेत गेली. हुशार होती, असं आता सगळे म्हणतात. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. शाळा, मग अकलूजला कॉलेज, बी.ए., मग ग्रंथालयाचा कोर्स. आत्याचे गुडघे धड असते तर तीही आज कुठल्यातरी बांधावर काठी घेऊन उभी असती, हे तिला पक्कं माहीत होतं.

बिरूलाही दोन-तीन वर्षं शाळेत बसवून पाहिलं होतं. गुरुजी हजेरी घ्यायच्या आधीच हा मागून ओरडायचा, "गुरुजी, एक कमी हाय!" कोण कमी आहे तेही सांगायचा. आकडे त्याला येत नव्हते, तोंडं पाठ होती. गुरुजी कौतुकानं म्हणाले, "याला वर्गाचा मॉनिटर करतो." हा म्हणाला, "मॉनिटर न्हाय, मेंढका कराल तर बसतो." तिसरीनंतर त्यानं पाटी ठेवली आणि काठी उचलली. ती आजतागायत हातात आहे.

वच्छलाचं लग्न ठरलं तेव्हा बिरू पंधरा वर्षांचा होता. धनगराच्या घरात लेकीला भांडी-कुंडी देतात तशी मेंढीही देतात. आबांनी पाच मेंढ्या आंदण दिल्या, पाचही काळ्या, पहिल्या-दुसऱ्या वेताच्या. बिरूनं त्यांच्या कपाळाला भंडारा लावला आणि दोरी नव्या दाजीच्या हातात दिली. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणारा कुंडलिक गडबडून म्हणाला, "अरे, यांना बांधू कुठं? दोन नंबरच्या फलाटावर?" मांडवभर हसू पिकलं. मग जे सगळ्यांचं होतं तेच झालं. मेंढ्या माहेरच्या कळपातच राहिल्या. चारायच्या भावानं, मालकी बहिणीची, आणि त्यांना होणारी कोकरंही बहिणीचीच. हा रिवाज कुणी कागदावर लिहीत नाही. लिहायची कुणाला गरजही वाटत नाही.

पुढं आरोही झाली, नोकरी लागली, संसाराचा गाडा सुरू झाला. त्या पाच मेंढ्यांचं वच्छलानं कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे हिशेब मागणं, आणि माहेरी हिशेब मागणाऱ्या बायका तिनं पाहिल्या होत्या. त्यांचं भाऊबीजेचं ताट कसं थंड होत जातं, तेही पाहिलं होतं. आबा गेले त्या वर्षी जमिनीच्या वाटणीचं निघालं, तेव्हा तिनं आपणहून सगळ्यांसमोर सांगितलं, "मला काही नको. मी कधी काही मागायला यायची नाही." बिरू त्या दिवशी गोठ्यात जाऊन रडला होता. तिला ते प्रेमाचं रडू वाटलं, आणि तिला स्वतःचाच थोडा अभिमानही वाटला.

बिरू पडल्याचं कळलं त्याच्या पुढच्या रविवारी ती कुंडलिकच्या गाडीवर मागं बसून तळावर गेली. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं, तेव्हा धरणाच्या पोटातली जमीन उघडी पडते आणि तिच्यावर हिरवं उगवतं. जिल्हाभर सगळं करपलेलं असताना तेवढाच एक चाऱ्याचा पट्टा. पण औंदा तिथंही लोकांनी गाळात कलिंगडं आणि मका लावली होती. मेंढरांना राहिली होती मधली चिंचोळी पट्टी, आणि मेंढरं तर एवढी, की बांधावरून पाहिल्यावर जमीनच काळी होऊन हलतेय असं वाटावं.

बिरू खाली उतरत सामोरा आला. गालफडं बसली होती, पण पटका झोकात बांधलेला.

"आक्का, तू मला बघाया आली का रडाया? रडाया आली असशील तर थांब, च्या झाल्यावर रड. दूध ताजं हाय."

"गप बस. डॉक्टरला दाखवलं का?"

"दावलं की. त्यो म्हनला, उन्हात जाऊ नका. मी म्हनलं, डॉक्टर, तुमी मेंढरांस्नी बी तेवढं सांगा."

कुंडलिक हसला. वच्छलानं नवऱ्याकडं असं पाहिलं की त्यानं हसू गिळलं आणि तो तट्टाला पाणी दाखवायला निघून गेला.

चहा झाला. मग बिरू हळूहळू बोलू लागला. धरणाच्या वरचा मोठा माळ, जिथं आबांचा तळ दोन-दोन आठवडे पडायचा, तिथं आता ओळीनं काचा उभ्या आहेत, ऊन खाऊन वीज करणाऱ्या, आणि भोवती तारेचं कुंपण. पलीकडच्या शिवारात पाट आला आणि त्याच्यामागून ऊस. डाळिंबाच्या बागांखाली गवत असतं, पण त्यावर औषध मारलेलं. गेल्या वर्षी चार मेंढ्या तिथंच तोंडाला फेस येऊन गेल्या. आणि तरी गंमत अशी, की शेतकरी त्याला पूर्वीपेक्षा जास्त हाका मारत होते. नुसत्या पोत्यातल्या खतानं जमिनी दगड झाल्या, आता त्यांना लेंडीखत हवं. रात्रभर मेंढरं शेतात बसवून जा म्हणून नंबर लागलेले.

"रात्री समद्यांना पायजेत," बिरू म्हणाला, "दिवसा कुणालाच नगं. आता मेंढरांनी दिवसा जावं कुटं? वर ढगात?"

वच्छलानं पिशवीतून एक मासिक काढलं. शाळेच्या ग्रंथालयात आलेलं, पशुपालनावरचा विशेषांक. तिनं मुद्दाम आणलं होतं. त्यात आफ्रिकेतल्या गुराख्यांचं होतं, मंगोलियातल्या मेंढपाळांचं होतं. तिथंही कुरणांना कुंपणं पडताहेत, तिथंही ऊन वाढलंय, शहरात मटणाची मागणी वाढतेय आणि व्यापाऱ्यांना मोठ्या अंगाची, झटपट वाढणारी जनावरं हवीत. तिनं सावकाश वाचून दाखवलं. बिरू काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होता.

"तितं बी ऊसच लावत्यात व्हय?"

"ऊस नाही रे. दुसरं काहीतरी असेल."

"म्हंजी तेच की. नाव निराळं."

शिवबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "त्यांच्यात पन बायका म्हनत असतील का वो, की पुरं झालं हे, घरला चला?"

"त्यांच्या बायका गुणाच्या असत्यात," बिरू म्हणाला.

"मग आना एक तितली. भाकरी थापाया तेवढी मदत व्हईल मला."

शेवटच्या पानावर लिहिलं होतं ते वच्छलानं दोनदा वाचलं. जमिनीला पेलतील तेवढीच जनावरं ठेवली, आणि जागा बदलत राहिली, तर चरणारं जनावर जमीन बिघडवत नाही, उलट सुधारतं. पण प्रमाण सुटलं की जमीनही मरते, जनावरही मरतं. तिनं मासिक मिटलं आणि समोरच्या कळपाकडं हात केला. "बिरू, एवढी कशाला ठेवलीस? निम्मी कर. चालणं निम्मं होईल. एवढ्याशा पट्टीवर निम्मी निभावतील."

"व्हय. निभावतील."

"मग?"

लांबवर एक कोकरू आईला चुकून ओरडत होतं. ते त्याच्याआधी शिवबाईनं ऐकलं होतं आणि त्याची आई दोन हातांवर चरत होती, पण बिरू उठला आणि तिकडं गेला. जाताना शिवबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि मग भाकरीकडं. वच्छलाला वाटलं, याला मोठ्या कळपाचा सोस आहे. चार माणसांत मान असतो, मोठ्या कळपाचा धनी म्हणून. त्या सोसापायी हा जीव घालवणार.

परत येताना ती गाडीवर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर कुंडलिकनं तिला थांबवलं असतं, कारण तिच्या डोक्यात एक बेत शिजत होता. बिरूची मेंढरं करीमभाई नावाचे व्यापारी नेतात, एवढं तिला आबांच्या वेळेपासून ठाऊक होतं. सोलापुरात, शुक्रवार पेठेत राहतात. त्यांनाच गाठायचं. सांगायचं, की भाऊ, तुम्ही तळावर जा, चांगला भाव बोला, त्याला गोडीगुलाबीनं तयार करा. मी सांगितलं असं मात्र कळू देऊ नका.

शनिवारी ती सोलापूरला गेली. लेकीसाठी शेंगाचटणी, कडक भाकरी आणि नको म्हणून सांगितलेले लाडू घेऊन. आरोहीनं डबे पाहून कपाळाला हात लावला. "आई, मी फार्मसी शिकतेय, उपोषणाला नाही बसले."

"चल माझ्याबरोबर. शुक्रवार पेठेत एक घर शोधायचंय."

"मामाची भानगड ना? बाबांनी फोन केला होता. म्हणाले, तुझी आई गप्प आहे, सावध राहा."

घर सापडायला वेळ लागला नाही. गल्लीत पानवाल्याला विचारलं, तर त्यानं पान लावता लावता मानेनंच दार दाखवलं. करीमभाई सत्तरीकडं झुकलेले, दाढीला मेंदी, बाहेरच्या खोलीत पंख्याखाली पाय पसरून बसले होते. दोघी बायका दारात पाहून ते पाय ओढून घेत उठले, आतल्या बाजूला "अनिसा, चाय!" म्हणून ओरडले आणि खुर्च्या पुढं सरकवल्या.

वच्छला म्हणाली, "मी कुर्डुवाडीहून आले. माळशिरसकडचे बिरुदेव मेंढपाळ आहेत ना, त्यांच्या मेंढरांबद्दल जरा..."

"बिरूच्या?" करीमभाईंनी दोन्ही हात वर केले. "नक्को बाई, उसका नाम नक्को लेव. मेरा बीपी बढ़ता."

आरोहीनं हसू दाबायला ओढणी तोंडाशी नेली.

"का? विकत नाही का तो?"

"विकायला बोलवतो कुठं? मीच जातो. बाजार एवढा चढलाय, वाटलं गरीब माणूस आहे, चार पैसे फायद्याचे मिळतील त्याला. तळावर गेलो. एक मेंढा पसंत केला, तो म्हणतो, हा नाही. दुसरा धरला, हा पण नाही. तिसरी मेंढी, ती पण नाही. मी म्हटलं, अरे बाबा, तू मेंढपाळ आहेस का संग्रहालयाचा राखणदार? तर काय म्हणतो... 'करीमभाई, माझी व्हती ती समदी तुमीच नेली. आता राहिली ती आक्काची हायत.'"

वच्छलाच्या हातात अजून चहा आला नव्हता. ती नुसतीच हात मांडीवर ठेवून बसली होती.

"कुणाची?"

"बहिणीची! लग्नात बापानं पाच दिल्या होत्या म्हणे. त्यांची पिलावळ. दुष्काळ पडला, चारा नाही, यानं स्वतःची विकली. पुढं तो जनावरांचा रोग आला, औषधपाण्याला पैसा नाही, स्वतःची विकली. पोरगं आजारी, स्वतःची विकली. हिची एक हलवली नाही. ऐसी अमानत मैंने साठ बरस में नहीं देखी, सच बोलता मैं. आता सगळा कळप तिचा, आणि हा तिचा बिनपगारी गडी." करीमभाई आता रंगात आले होते. "और वो बहन देखो! शिकलेली आहे म्हणे. एकदा येऊन म्हणत नाही, बाबा रे, दमलास, विकून टाक. बसली असेल कुठंतरी पंख्याखाली."

पंखा गरगरत होता. आरोहीची ओढणी तोंडावरून खाली आली होती.

"काका," ती म्हणाली, "ती बहीण हीच. माझी आई."

करीमभाईंनी जीभ चावली. कानाच्या पाळ्यांना हात लावला. "तौबा. माफ करना बाई. म्हातारपणात जिभेला लगाम राहत नाही."

"तुम्ही बरोबर बोललात," वच्छला म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

अनिसाबी चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. करीमभाईंचा आवाज खाली आला. "मी त्याला म्हटलं होतं, की विचार तिला. तो म्हणाला, विचारलं तर ती म्हणणार, तूच घे. तिनं जमीन अशीच सोडली. आता आंदणही माघारी आलं तर तिच्या माहेरात तिचं काय राहिलं? ती आली तर कुठल्या हक्कानं येणार? असं म्हणाला. मग मी काय बोलणार? उठलो, आलो."

अनिसाबींनी चहा पुढं केला. मग करीमभाईंमधला व्यापारी हळूच जागा झाला. "मालक समोर उभा राहिला तर मी पुढच्या रविवारी गाडी आणतो. भाव चोख देईन. पण मालकाशिवाय नाही. बिरू दारात काठी घेऊन उभा राहील, आणि त्याची कुत्री वेगळी."

कुर्डुवाडीला परतणाऱ्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. बाहेर मोहोळ गेलं, माढा गेलं, ऊस आणि पुन्हा ऊस गेला. ती वर्षं मागं मोजत होती. चारा छावण्या पडल्या होत्या त्या उन्हाळ्यात बिरू म्हणाला होता, "थोडी विकली आक्का," आणि ती म्हणाली होती, "बरं केलंस." नंतर कधीतरी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी तिनं बरं केलंस म्हटलं होतं. भाऊबीजेला गेल्यावर मेंढवाड्यातला कळप पाहून ती आरोहीला सांगायची, बघ, मामाची किती मेंढरं. आणि मामा बाजूला उभा राहून ऐकायचा. तेव्हा तो काय विचार करत असेल? ही मुद्दाम बोलते, की हिला खरंच आठवत नाही?

तिला वाटलं होतं जमीन सोडून तिनं भावाला मोकळं केलं. तिनं तर उलटंच केलं होतं. ज्या बहिणीनं जमिनीवर पाणी सोडलं, तिची मेंढी आता कुठल्या तोंडानं विकायची? त्या एका वाक्यानं, ज्याचा तिला अभिमान होता, त्यानं त्याला काळ्या मेंढ्यांना कायमचं बांधून टाकलं होतं. आणि शिवबाई त्याच्या मागं चालत होती, वर्षामागून वर्षं, कुणाची मेंढरं आहेत हे ठाऊक असून.

रात्री कुंडलिकनं सगळं ऐकलं. भाकरीचा तुकडा त्याच्या हातात तसाच राहिला होता. मग म्हणाला, "सोपं आहे. फोन कर आणि सांग, सगळी तुला दिली. विषय संपला."

"तो घेणार नाही."

"का नाही घेणार? तू मनापासून दिलीस तर?"

"अहो, आंदण माघारी जातं ते लेक मेल्यावर, नाहीतर तिचं लग्न मोडल्यावर. त्याला मी ते द्यायला गेले तर त्याला वाटेल, आक्कानं माहेर सोडलं. तो त्या मेंढ्या आणखी जपेल. एकही विकणार नाही."

"मग दुसरं काय करणार?"

वच्छला ताटात बोट फिरवत राहिली. "मी मालकीण आहे ना? मग मालकिणीसारखं वागावं लागेल. माझी आहेत म्हणून मागावी लागतील."

कुंडलिकनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिला ऊन लागलंय. "इतक्या वर्षांनी? लोक काय म्हणतील, बहीण हिस्सा मागायला आली?"

"म्हणू देत."

"आणि बिरू काय म्हणेल?"

वच्छलानं ताट बाजूला सारलं. पुढचं सगळं तिला लख्ख दिसत होतं, आणि ती बोलत सुटली. दुसऱ्याचं जनावर वर्षानुवर्षं सांभाळलं की निम्मी वाढ सांभाळणाऱ्याची, याला अर्धल म्हणतात. गावोगाव चालतं, त्यात कुणाला उपकार वाटत नाही, कुणाला भीक वाटत नाही. ते कष्टाचं असतं. बिरूनं परक्याची मेंढरं अशी सांभाळली असती तर आज निम्मा कळप त्याचा असता. बहिणीची सांभाळली म्हणून त्याला काहीच नाही, हा कुठला न्याय? मालकीण म्हणून ती सांगणार होती, की माझ्या मेंढरांची अर्धल मी ठरवते, आणि मागच्या सगळ्या वर्षांची. निम्मी तुझी, ती तू निवडायची, चांगल्या चालणाऱ्या काळ्या तूच ठेव. आणि राहिलेली माझी निम्मी, ती मी विकणार. पुढच्या रविवारी करीमभाईंची गाडी येईल, मी स्वतः उभी राहीन. दोन-चार मेंढ्या मात्र माझ्या नावानं तुझ्या कळपात राहतील. त्यांच्यासाठी मी येत राहीन.

"एवढी पट्टी तेवढ्यांना पुरेल," ती म्हणाली. "त्याला करमाळ्यापर्यंत फरफटत जावं लागणार नाही. शेतकऱ्यांना रात्री बसवायला तेवढी पुष्कळ."

"आणि विकून आलेलं?"

"त्याच्या पोरांच्या शाळेला. आत्यामुळं झाली ना माझी शाळा? मीही आत्याच आहे की."

कुंडलिकनं तो तुकडा अखेर तोंडात घातला. चावून झाल्यावर म्हणाला, "बोल बाई तूच. मला त्यात घेऊ नकोस. मी आपला दोरी धरणारा दाजी."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती थांबली. ऊन चढलं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून बसतात, आणि मेंढकाही कुठल्यातरी झाडाखाली टेकतो. तेवढ्याच वेळात बिरू फोन उचलतो. सकाळपासून तिनं पहिलं वाक्य मनात चार तऱ्हांनी जुळवलं. गोड केलं तर तो हसून उडवणार होता. रडली तर तो तिलाच समजावणार होता. करीमभाईंचं नाव काढलं तर करीमभाईंची खैर नव्हती.

एक भीती मात्र कुठल्याच वाक्यात बसत नव्हती. मेंढरं हा शब्द तिच्या तोंडून ऐकल्यावर तो क्षणभर गप्प होईल, आणि त्या गप्प होण्यात त्याला वाटून जाईल, आक्कानं शेवटी मागितलंच. तेवढा एक क्षण त्याच्या मनात ती वाईट ठरणार होती. पुढचं ऐकण्याआधी त्यानं फोन ठेवला, तर कदाचित कायमची.

ग्रंथालयात कुणी नव्हतं. सुट्टीचे दिवस होते, ती पुस्तकांना हवा द्यायला आली होती. तिनं खिडकी उघडली, पदरानं तोंड पुसलं आणि बिरूचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. तिनं ठरवून टाकलं होतं, गोड नाही, रडू नाही, सरळच. तिकडून कुत्र्याचं भुंकणं आणि वाऱ्याची घरघर ऐकू आली, आणि मग त्याचा आवाज.

"बोल की आक्का."

"बिरू," ती म्हणाली, "माझ्या मेंढ्यांचं बोलायचंय. फोन ठेवू नकोस."